बाई, हात ऐकत नाही!

बालमित्रांनो, आज मी तुम्हाला माझीच एक चूक सांगणार आहे. बाईंची चूक म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचा. आणि वाचून झालं की हे पान आईबाबांच्या हातात द्या बरं का!

मी बीड जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की गाव निम्मं रिकामं होतं. आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला जातात ते पाडव्याच्या सुमाराला परततात. काही लेकरं त्यांच्याबरोबर फडावर जातात, कोपीत राहतात. काही आजीजवळ मागं राहतात आणि शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवतात.

तीन वर्षांपूर्वी तिसरीच्या वर्गात अशीच एक मुलगी होती. तिचं नाव मी सांगणार नाही. आपण तिला छोटी म्हणू. आधीच्या हंगामात ती आईवडिलांबरोबर फडावर गेली होती. यंदा आजीजवळ राहिली होती. पाढे तोंडपाठ, गाणी म्हणण्यात पुढे. पण लिहायला बसवलं की रडगाणं. अक्षर मध्येच वाकडं जायचं. हातातली पेन्सिल खाली पडायची. फळ्याजवळ बोलावलं तर खडू पडायचा. एकदा नाही, दोनदा नाही, आठवड्यातून तीन-चार वेळा!

एके दिवशी खडू पडून त्याचे दोन तुकडे झाले. मी चिडले.

"लक्ष कुठंय तुझं?"

ती खाली मान घालून म्हणाली, "बाई, हात ऐकत नाही."

मी म्हणाले, "हात ऐकत नाही, की तू ऐकत नाहीस?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. छोटी मात्र हसली नाही. मी तिला तीच ओळ दहा वेळा लिहायला लावली. तेव्हा मला वाटलं, आपण शिस्त लावतो आहोत!

पुढं पंधरा दिवसांनी, परिपाठ चालू असताना, छोटीचा उजवा हात आपोआप उडायला लागला. आधी बोटं, मग मनगट, मग अख्खा हात. तोंडाचा उजवा कोपरा ओढला गेला आणि ती धाडकन खाली पडली. सगळं अंग झटके देऊ लागलं. मुलं ओरडली. कुणी चप्पल आणली, कुणी खिचडीच्या स्वयंपाकघरातून कांदा आणला. आणि तुमच्या बाईंनी काय केलं? चमचा घेऊन तिची दातखीळ उघडायला धावल्या! ते किती चुकीचं होतं, ते मला नंतर कळलं. दोन-तीन मिनिटांत झटके थांबले आणि ती गाढ झोपल्यासारखी पडून राहिली.

आजी धावत आली. गळ्यात तुळशीची माळ, डोळ्यांत पाणी. "बाई, लेकराला बाहेरचं झालंय. मी आमुशाला देवऋष्याकडं नेते." गावात लगेच कुजबुज सुरू झाली. फडावरून छोटीच्या वडिलांचा फोन आला. त्यांची काळजी वेगळीच होती. "बाई, गावात फिट हा शब्द काढू नका. पोरीची जात हाय. उद्या लग्न कसं जमायचं?"

आठ वर्षांच्या मुलीच्या लग्नाची काळजी! मला रागही आला आणि वाईटही वाटलं. मी आजीला एवढंच म्हणाले, "अमावस्येला अजून नऊ दिवस आहेत. तोवर आपण डॉक्टरांना तर दाखवू." आजी हो म्हणाली. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही तिघी एस.टी.नं अंबाजोगाईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "आधी कोणता हात उडाला?"

"उजवा."

"यापूर्वी कधी उजव्या हाताचं काही जाणवलं होतं?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि माझा आवाजच फुटेना. वाकडं अक्षर, पडलेली पेन्सिल, तुटलेला खडू... सगळं डोळ्यांसमोर आलं. दोन महिने मी एक आजार रोज पाहत होते आणि त्याला आळस म्हणत होते!

मग डॉक्टरांनी डोक्याचा सी.टी. स्कॅन करायला सांगितला. ते यंत्र म्हणजे एक भलीमोठी चुंबळच! आपण डोक्यावर घागर ठेवताना कापडाची गोल चुंबळ ठेवतो ना, तशी, पण माणसाहून उंच. छोटीला एका फळीवर झोपवलं आणि फळी हळूच त्या चुंबळीच्या भोकात सरकली. ना सुरी, ना दुखणं. हातात एक सुई तेवढी टोचली. "हलू नकोस" म्हटलं तर पोरगी पुतळ्यासारखी पडून राहिली.

हे यंत्र काम कसं करतं? तुम्ही घरी एक प्रयोग करा. रात्री दिवा मालवा आणि बॅटरीच्या उजेडात सरळ कडांच्या पेल्याची सावली भिंतीवर पाडा. बाजूनं उजेड टाकला तर सावली चौकोनी दिसेल. बुडाकडून टाकला तर गोल दिसेल. एका सावलीवरून वस्तू कळत नाही. पण चारी बाजूंच्या सावल्या जुळवल्या तर कळते. सी.टी. स्कॅनमध्ये क्ष-किरणांची नळी डोक्याभोवती गरागरा फिरते आणि सगळ्या बाजूंनी अशा सावल्या घेते. मग संगणक गणित करतो आणि मुळ्याच्या चकत्या कराव्यात तशा डोक्याच्या एकेका चकतीचं चित्र पुढं ठेवतो.

ही युक्ती प्रत्यक्षात आणली इंग्लंडच्या गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी. हे शेतकऱ्याचे धाकटे चिरंजीव. लहानपणी शेतावरची यंत्रं खोलून पाहायची आणि घरी केलेले पंख घेऊन गवताच्या गंजीवरून उडी मारायची, असले त्यांचे उद्योग! (तुम्ही कडब्याच्या गंजीवरून असली उडी मारू नका हं.) विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. प्रयोगशाळेत सुरुवातीला एका वस्तूची मोजमापं घ्यायला त्यांना नऊ दिवस लागत. 1971 सालच्या 1 ऑक्टोबरला लंडनच्या विम्बल्डन भागातल्या एका रुग्णालयात त्यांनी पहिल्यांदा एका रुग्ण बाईच्या मेंदूचा स्कॅन केला आणि आतली गाठ चित्रात दिसली. 1979 साली त्यांना आणि या मागचं गणित मांडणाऱ्या ॲलन कॉर्मॅक यांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालं.

त्याआधी काय होतं? 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडे एक रुग्ण आला. बोललेलं त्याला समजे, पण काहीही विचारा, तो फक्त 'तान, तान' म्हणे. तो वेडा नव्हता, हट्टीही नव्हता. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू पाहिला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात बिघाड सापडला. बोलण्याचं काम तो भाग करतो, हे जगाला तेव्हा समजलं. म्हणजे खरं कारण कळायला माणूस मरावा लागला! पुढं एकशे दहा वर्षांनी जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावता आलं, ते हाउन्सफिल्डमुळं.

छोटीची फिल्म डॉक्टरांनी उजेडाच्या काचेवर लावली. राखाडी रंगात एक पांढरं कडं चमकत होतं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. त्याच्याभोवती काळसर सूज. फिल्मवर ते उजवीकडे होतं, पण डॉक्टर म्हणाले, "फिल्मवर उजवीकडे दिसतो तो पेशंटचा डावा भाग. आणि मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो. हे कडं बरोबर हाताच्या जागेजवळ बसलं आहे. ते मेंदूला डिवचतं, आणि हात उडतो."

म्हणजे छोटी अगदी खरं बोलली होती. हात ऐकत नव्हता!

ते कडं म्हणजे जंताचं इवलंसं पिल्लू होतं. आजीला हे ऐकून फार राग आला. "आम्ही माळकरी माणसं! आमच्या घरात मटणाचा तुकडा शिवत नाही!" डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. फितीसारखा एक लांब जंत असतो. डुकराचं कच्चं मांस खाल्ल्यानं तो माणसाच्या पोटात वाढतो, हे खरं. पण त्याची अंडी त्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात. ती पाण्यात, भाजीवर, न धुतलेल्या हातांवर येतात आणि कुणाच्याही पोटात जातात, माळकऱ्याच्यासुद्धा. तिथून अळी रक्तातून मेंदूत पोचते. फडावर शौचालय नसतं आणि मिळेल ते पाणी प्यावं लागतं. छोटीला हे नेमकं कुठं लागलं ते सांगता येत नाही. पण धोका कुठं जास्त, ते तुम्हीच ओळखा.

आणखी एक गोष्ट. आपल्या देशात असे ठिपके पूर्वी बहुतेक वेळा क्षयाचे समजले जात आणि रुग्णांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधं घ्यावी लागत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. चंडी, डॉ. राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 च्या सुमारास दाखवून दिलं, की यांतले पुष्कळसे ठिपके जंताच्या अळीचे असतात आणि बरेचसे विरूनही जातात. यंत्र चित्र दाखवतं. त्याचा अर्थ माणसालाच लावावा लागतो.

निघताना छोटीनं हळूच विचारलं, "डॉक्टरकाका, फोटोत माझे पाढे दिसले का?"

डॉक्टर खळखळून हसले. "नाही गं. पाढे फोटोत दिसत नाहीत. ते तूच म्हणून दाखवायचे!"

किती खरं आहे ते! आता चुंबकाच्या साहाय्यानं चित्र काढणारं एम.आर.आय. यंत्र आलं आहे. वाचताना किंवा हात हलवताना मेंदूचा कोणता भाग जास्त काम करतो, हेही त्यावर पाहता येतं. पण मुलगा चांगला की वाईट, हुशार की ढ, हे सांगणारं यंत्र निघालेलं नाही. आणि फिट येणाऱ्या प्रत्येकाच्या स्कॅनमध्ये ठिपका असतोच असंही नाही. काहींचा स्कॅन अगदी स्वच्छ असतो. तेव्हा मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात. काही मुलं झटके देत नाहीत; बोलता बोलता दहा-पंधरा सेकंद नुसती टक लावून बसतात, हाक ऐकत नाहीत, आणि पुन्हा कामाला लागतात. तीही फिटच असू शकते. पालकहो, असं वारंवार दिसलं तर रागावू नका, डॉक्टरांना सांगा. (खिडकीबाहेर वानर आल्यावर टक लावणं हा मात्र आजार नव्हे!)

कुणाला फिट आली तर काय करायचं, ते आमच्या वर्गातली मुलं आता घडाघडा सांगतात. दाबून धरायचं नाही. तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालायचं नाही. चप्पल-कांदा हुंगवायचा नाही. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, झटके ओसरताच कुशीवर वळवायचं आणि घड्याळ पाहायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं किंवा लागोपाठ दुसरी आली, तर 108 ला फोन. आणि कोणता हात आधी उडाला, ते लक्षात ठेवायचं. कारण ते यंत्राला दिसत नाही. ते जवळच्या माणसालाच दिसतं.

छोटीनं औषधं अगदी वेळेवर घेतली. आजीनं तुळशीला पाणी घालायची वेळ तीच गोळीची वेळ ठरवली होती. अमावस्या आली आणि गेली. देवऋष्याकडं कुणी गेलं नाही. पाडव्याला वडील आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, "दादा, फिट हे लग्न मोडायचं कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात होतं, ते 1999 सालीच काढून टाकलंय. कायदा शहाणा झाला, आता आपणही होऊ." ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या हंगामात लेकीला आजीजवळच ठेवून गेले.

सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. पांढरं कडं विरून गेलं होतं. औषध मात्र डॉक्टरांनी एकदम थांबवलं नाही. पुढं सावकाश कमी केलं.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी मी छोटीला फळ्याजवळ बोलावलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "त्या दिवशी तू खरं बोलली होतीस. मी ऐकलं नाही. माझी चूक झाली."

वर्ग गप्प झाला. बाई असं म्हणतात, हे त्यांना नवीनच होतं! छोटीनं खडू घेतला आणि फळ्यावर तारीख लिहिली, सरळ, एका ओळीत. मग हात पुढं करून मला म्हणाली, "बाई, आता ऐकतो."