आधी आत ढकलायचा

दात काढायचा म्हटलं की पुण्यातली माणसं हमखास उपाशीपोटी येतात. त्यातून संकष्टी असली तर विचारायलाच नको. भूल फक्त जागेपुरती द्यायची असते, तेव्हा पोटात चार घास असलेलेच बरे. खुर्चीत येणारी चक्कर बहुधा उपासाची आणि धास्तीची असते. रक्त पातळ करणारी गोळी आपल्याच मनाने बंद करून येणाऱ्या काकांना मात्र मी रागावते.

खालच्या दाढेसाठी सुई देतात ती जबड्याच्या पार मागे, नस हाडात शिरते तिथं. थोड्या वेळात अर्धा ओठ जड होतो आणि आरशाची मागणी येते. ‘वाकडं झालं का हो तोंड?’ झालेलं नसतं. भुलेचं हे औषध, लिग्नोकेन, १९४३ साली स्वीडनमध्ये पहिल्यांदा तयार झालं. ते दुखणं थांबवतं, दाब नाही. हे आधी सांगितलं नाही, तर हिरडीवर नुसता जोर पडताच पेशंट हात वर करतो. मग मी विचारते, ‘टोचतंय, की दाबल्यासारखं वाटतंय?’ टोचत असेल तर थांबायचं आणि भूल वाढवायची. त्यात भिडस्तपणा नको.

दात ओढून काढतात, हा सगळ्यांचा समज. पक्कड बसली की मी दात आधी आत, मुळाच्या दिशेनं दाबते. मग गालाकडे, जिभेकडे, परत गालाकडे, सावकाश. मातीत रुतलेला खुंटा हलवून सैल करावा तसं. हाड किंचित लवतं, खाच रुंदावते. ओढणं अगदी शेवटी, आणि नावापुरतं. घाई केली की मूळ मोडतं. मध्येच कट्‌ असा आवाज होतो. मला तो जेमतेम ऐकू येतो. पेशंटला मात्र हाडातून थेट कानात. म्हणून ‘आता आवाज येईल’ एवढं वाक्य मी कधी चुकवत नाही.

वरचा दात काढला की नजर जाते, ही भीती अजून टिकून आहे. दाताची नस वेगळी, दृष्टीची वेगळी. पण दात पडायचं आणि मोतीबिंदूचं वय एकच. संशय आला तो तिथूनच, असं मला वाटतं.

कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा, थुंकायचं नाही. खाचेत धरलेली रक्ताची गुठळी हेच खरं मलम. ती निघाली की हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी ठणका कानापर्यंत जातो. मग लवंगतेलाची पट्टी भरावी लागते. त्यामुळे इथून निघून थेट अमृततुल्य गाठायचं नाही. मस्तानी चालेल, पण चमच्यानं. स्ट्रॉनं ओढायची नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून.

सुईला न डगमगणाऱ्या आज्या ‘आठ दिवस मिश्री बंद’ म्हटल्यावर हादरतात. एकीनं बराच विचार करून विचारलं, ‘दुसऱ्या बाजूनं लावली तर?’