खिडकीवरची हिब्रू

भाषा शिकवणारी ॲप्स सफरचंद, मांजर, पाणी असल्या शब्दांनी सुरुवात करतात. माझ्या मावशीआजीने ते सगळं वगळलं. ती अश्दोदला राहते, मी रास्ता पेठेत. आमची शिकवणी व्हिडिओ कॉलवर चालते. पहिला शब्द होता ‘पाकिद’, म्हणजे कारकून. "भाजी बोट दाखवून मिळते रे," ती म्हणाली. "ऑफिसच्या खिडकीवर बोट दाखवून काय मागशील?"

मग ‘मेमशाला’ म्हणजे सरकार, आणि ‘रोश हामेमशाला’, सरकारचं डोकं, म्हणजे पंतप्रधान. महापौर ‘रोश इर’, शहराचं डोकं. मंत्र्याला ‘सार’. (आपल्याकडे ‘सर’ म्हणतात, फार फरक नाही.) गृहखातं ‘मिसराद हापनीम’, शब्दशः आतलं ऑफिस. संसद ‘कनेसेत’. सिनेगॉगला ‘बेत कनेसेत’ म्हणतात, जमण्याचं घर. म्हणजे १२० खासदारांची ती संसद आणि कॅम्पातलं १८६७ चं आमचं लाल देऊळ एकाच शब्दात राहतात.

यातले बरेच शब्द बायबलातले. ‘नासी’ म्हणजे टोळीचा नायक. तो आता राष्ट्राध्यक्ष झाला. जुन्या शब्दांना नव्या खुर्च्या दिल्या. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हा फारसी मुजुमदाराचा अमात्य झाला आणि सुरनिसाचा सचिव. तो सचिव अजून मंत्रालयात बसतो. पेशव्याला मात्र ‘पंतप्रधान’ चिकटलं नाही; पुण्याने ‘पेशवे’च ठेवलं.

मावशीआजीला या कोशाच्या गप्पांत रस नाही. तिचा आवडता शब्द ‘रशाम निसुईन’: लग्नांची नोंद करणारा अधिकारी.

त्याला कारण आहे. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने या अधिकाऱ्यांना सूचना दिल्या. कोणी बेने इस्राएल दुसऱ्या समाजातल्या ज्यूशी लग्न करणार असेल, तर त्याच्या आधीच्या पिढ्या तपासा. कोकणात शेकडो वर्षं शनिवार पाळणारी, तेल गाळणारी माणसं. त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव शनिवारच्या सुट्टीमुळेच पडलं. आणि त्यांनाच विचारणा, तुम्ही ज्यू कशावरून? १९६४ मध्ये बेने इस्राएल जेरुसलेममध्ये आंदोलनाला बसले. ऑगस्टमध्ये कनेसेतचं खास अधिवेशन भरलं, हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत असं सरकारने म्हटलं आणि सूचना बदलली. मावशीआजी तेव्हा शाळेत होती. ‘मेमशाला’, ‘सार’, ‘रब्बानुत’ हे शब्द तिने वहीतून नाही, घरातल्या मोठ्यांच्या चढलेल्या आवाजातून उचलले. मराठी वाक्यांत मधेच येणारे हिब्रू शब्द.

मला पुढच्या वर्षी जायचं आहे. फाईलमध्ये जन्मदाखला, आईबाबांचा केतुबा म्हणजे लग्नाचा करार, आणि सिनेगॉगचं पत्र आहे. आई रोज एकदा ती उघडून बघते.

गेल्या कॉलला मावशीआजी पाकिद झाली आणि मी खिडकीबाहेर. ‘मी नोंदणीसाठी आलोय’ हे वाक्य मी हिब्रूत बरोबर म्हटलं.

"व्याकरण ठीक आहे," ती म्हणाली. "पण विनंती का करतोयस? परत म्हण."

मी परत म्हटलं.

"अजून एकदा."