‘जॉनी गद्दार’ पुन्हा

रात्री श्रीराम राघवनचा ‘जॉनी गद्दार’ (2007) पुन्हा पाहिला. झोपेचं खोबरं. विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेस यांना वाहिलेला सिनेमा, त्यामुळे सगळा थाट सत्तरीचा. टीव्हीवर ‘परवाना’ हा जुना सिनेमा लागतो आणि नायक विक्रमला रेल्वेतल्या चोरीची युक्ती सुचते, हे तर झकासच! पाच भागीदार, अडीच कोटी, त्यातला एक, हाच विक्रम, फितूर. हे आपल्याला आधीच ठाऊक. तरीही जीव टांगणीला.

पण विक्रमच्या प्रेमावर माझा काडीचाही विश्वास बसत नाही. त्याच्या प्रेयसीच्या, रिमी सेनच्या, वाट्याला नुसतं कुढणं. उलट अश्विनी काळसेकर दोन-चार प्रसंगांत भाव खाऊन जाते. आणि धर्मेंद्र! त्याचा शेषाद्री मेल्यावर सिनेमातली ऊबच जाते. विक्रमने केलेल्या त्या खुनाचा राग अजून आहे. तरी तो पकडला जाऊ नये, असंही वाटत होतंच.