माळवदावरची छत्री

"टीव्ही लागतो का?" हा प्रश्न शहरात कुणी कुणाला विचारत नाही. आमच्याकडे मात्र आईशी फोनवर बोलताना तब्येत, पाणी आणि लाईट यांच्यानंतर चौथा प्रश्न हाच असतो. आई चाकूरला एकटी राहते. वडील गेल्यावर आम्ही तिघा भावंडांनी आपापल्या घरी यायचा खूप आग्रह करून पाहिला, पण तिचं एकच उत्तर, "हितं माझं समदं हाय." नात्यातल्या मंडळींना हे वाक्य पाठ आहे. या 'समद्या'त घर, दारातला कडुनिंब, भजनाच्या बायका आणि टीव्ही, सगळं येतं.

टीव्ही म्हणजे करमणूक, असं आपण सहज म्हणून जातो. पण एकट्या माणसाच्या घरात तो दुसरा आवाज असतो. भाकरी थापताना आई बातम्या बघत नाही, नुसत्या ऐकते. संध्याकाळी कीर्तन लागलं की स्वयंपाकघरातून 'रामकृष्णहरी' म्हणते. तो आवाज बंद पडला की घर खायला उठतं, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवशी फोन लांबतो त्यावरून आम्हाला कळतं.

आता सांगायचा मुद्दा. आमच्या घराला पुढे पत्रे आहेत आणि मागच्या माजघरावर माळवद. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो, माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात याच्यासारखा गारवा नाही. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगडमातीच्या घरांचा आमच्या भागाने धसका घेतला आणि पुष्कळ माळवदं उतरवली गेली. आमचं राहिलं. एका कंपनीचा माणूस आला आणि त्याने छत्री (आमच्याकडे डिशला छत्रीच म्हणतात) या माळवदावर बसवली. मातीत बोल्ट धरत नाहीत. मग त्याने लोखंडी पायावर चार दगड ठेवले, चित्र आलं म्हणाला, सही घेतली आणि लातूरची बस पकडली.

चित्र खरंच आलं. पहिल्या पावसापर्यंत.

ही भानगड समजून घ्यायला थोडं गणित लागतं, कंटाळू नका. आपले टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून आपल्याला ते एका जागी थांबल्यासारखे वाटतात. त्यामुळेच छत्री एकदा रोखली की हलवावी लागत नाही. पण ती रोखलेलीच राहायला हवी! साठ सेंटीमीटरच्या छत्रीची नजर फार अरुंद असते. ती दीड-दोन अंश ढळली तरी सिग्नल निम्म्याखाली येतो. दीड अंश म्हणजे किती? फूटभर पायाची एक बाजू जेमतेम पाव इंच खचली की झालं. पावसात माळवदाची माती मऊ होते, पाया तेवढा सहज खचतो. शिवाय आमच्याकडे वानरं आहेत आणि त्यांना बसायला छत्रीइतकी आवडती जागा नाही.

मग आईचा फोन यायचा. "आरं, चौकोन चौकोन होलालेत चित्राचे." आम्ही पुण्याहून तक्रार नोंदवायची, तक्रारीचा नंबर यायचा, तीन-चार दिवसांनी माणूस यायचा, दगड सरकवायचा, भेटीचे पैसे घ्यायचा. पुढच्या वादळात पुन्हा तेच. त्या माणसावर मला राग धरता येत नाही. एकदा त्याच्याशी फोनवर निवांत बोललो, तेव्हा म्हणाला, "साहेब, मला एका घरामागं पैसे मिळतात. दिवसात सहा घरं करायचीत, पाईप गाडत बसलो तर दोन होतील." वेळ वाचवला तर पैसे आणि टिकाऊ काम केलं तर नुकसान, असा हिशेब ज्याने आखला त्याच्या आईच्या घरावर बहुधा स्लॅब असावा.

2024 ची आषाढी 17 जुलैला होती. गुडघ्यांमुळे आईची वारी बंद झाली, त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून एकादशीला पहाटे उठून, अंघोळ करून सह्याद्रीवर पंढरपूरची महापूजा बघायची, ही तिची वारी. त्या रात्री पाऊस आणि वारा दोन्ही होते. सकाळी फोन केला तर म्हणाली, "देव बी चौकोनी दिसलालाय. मग बंदच केला टीव्ही." आणि हसली. मला काही हसू आलं नाही. तिने आमच्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. ही एक गोष्ट तिला हवी होती आणि ती पाव इंचासाठी हुकली.

त्या दिवाळीत गेलो तेव्हा हेच काम काढलं. स्टँडजवळ वेल्डिंगचं दुकान चालवणारा एक पोरगा आहे, तो छत्र्याही बसवतो. त्याने माळवदाकडे बघितलंसुद्धा नाही. अंगणात दोन फूट खड्डा घेतला, त्यात जाड जीआय पाईप उभा केला, ओळंबा लावून चारी बाजूंनी बघितला आणि काँक्रीट भरून दोन दिवस हात लावू नका म्हणाला. पाईप अगदी सरळ उभा असला की छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंची बदलत नाही, म्हणून एवढा ओळंबा. मला कडुनिंबाची काळजी होती. दूरदर्शनची फ्री डिश ज्या जीसॅट-15 वरून येते तो 93.5 अंश पूर्वेला आहे, म्हणजे चाकूरहून जवळजवळ नेमका आग्नेयेला आणि क्षितिजापासून साठेक अंश वर. इतक्या वर बघायचं असल्यावर वीस फुटांवरचं झाड छत्रीपेक्षा पस्तीस फूट उंच असेल तरच आड येतं. आमचा कडुनिंब वाचला!

बाकीची कामं बारीक होती, पण तीच महत्त्वाची. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ सोडला, म्हणजे पाणी तिथून गळून पडतं, भिंतीत जात नाही. कनेक्टरवर रबर चढवलं. आणि शेवटी त्याने पाईपवर आणि छत्रीच्या पट्टीवर मिळून लाल रंगाची एक रेघ ओढली. "काका, वानरानं हलवलं तर रेघ जुळवायची आन् आवळायचं. शेजारच्या पोराला बी जमंल." या रेघेवर मी खूश आहे.

आम्ही महिन्याचं कनेक्शन सोडून फ्री डिश घेतली. रिचार्ज संपला म्हणून टीव्ही बंद, हा प्रकार गेला. एक मालिका मात्र गेली. आई म्हणते, "त्या सुनंचं काय झालं ते शेजारीण सांगती मला." जोराच्या पावसात पाच-दहा मिनिटं चित्र अजूनही जातं. थेंब सिग्नल खातात, त्याला कुठलाच पाईप पुरा पडत नाही. 6 जुलै 2025 च्या आषाढीला मात्र पूजा शेवटपर्यंत दिसली.

यावरून आठवलं. 1975-76 साली 'साईट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून देशातल्या सुमारे 2400 खेड्यांत टीव्ही पोचवला होता. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्या शेजारचा गुलबर्गा जिल्हा होता. कोंबड्यांच्या जाळीसारख्या जाळीच्या, दहा फुटी छत्र्या होत्या. संच बंद पडला तर दुरुस्त कोण करणार, हा विचार त्या प्रयोगाचाच भाग होता. पन्नास वर्षांत छत्री दहा फुटांवरून दोन फुटांवर आली, चॅनेल शेकड्यांनी झाले आणि दुरुस्तीला मात्र तक्रारीचा नंबर उरला. 2022 पर्यंत दूरदर्शनचे जमिनीवरचे बहुतेक ट्रान्समीटरही बंद झाले, त्यामुळे जुना अँटेना काढून लावू म्हटलं तर तीही सोय नाही. म्हाताऱ्या माणसांच्या घरात आता छत्री हाच आधार.

असो. गावाकडे जाल तेव्हा छत्रीचा पाया एकदा हाताने हलवून बघा. हलला तर टीव्ही लागत असला तरी पाईप गाडून घ्या, पावसाची वाट बघू नका. आणि वानरांवर कुणाकडे काही उपाय असेल तर तेवढा मला नक्की सांगा. ते अजून रोज सकाळी येऊन बसतं.