जड भट्टीचा आग्रह मी सोडला

भट्टी जडच हवी, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या बघत वाढलेल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय? जाड फायर ब्रिक आणि वर फायर क्लेचा गिलावा. घरी ॲल्युमिनियम ओतण्यासाठी विजेची छोटी भट्टी करणाऱ्यांनाही माझा हाच सल्ला असे. तो आता मी मागे घेतोय.

मत फिरलं ते हिशेबामुळे. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. एक किलो वितळवायला साधारण ०.३ युनिट वीज पुरावी. पण वीस किलो विटा ६०० अंशांनी तापवायच्या तर तीन युनिट जातात. धातूच्या दसपट खर्च नुसत्या भिंतीवर! दिवसरात्र चालणाऱ्या फाउंड्रीत भिंत एकदा तापली की तापलेलीच राहते. रविवारी दोन तास लागणाऱ्या भट्टीत तो भुर्दंड दर वेळी नव्याने बसतो. हलकी इन्सुलेशन वीट साध्या फायर ब्रिकच्या साधारण पाव वजनाची असते आणि उष्णताही कमी बाहेर सोडते.

भिंतीला आतून द्यायच्या ॲल्युमिनाच्या लेपाला मी नुसती हौस समजत असे. पण हलकी वीट ठिसूळ असते, तिचा चुरा मुशीत पडतो. शिवाय वितळलेलं ॲल्युमिनियम विटेतल्या सिलिकामधला ऑक्सिजन ओढून घेतं आणि भिंतीला चिकटून बसतं. ॲल्युमिनाचा पातळ लेप या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी रोखतो. लोखंडी मुशीला तर आतून लेप हवाच, कारण लोखंड ॲल्युमिनियममध्ये विरघळत जातं. लेप मात्र सावकाश वाळवावा. आत पाणी राहिलं तर त्याची वाफ होऊन पापुद्रे सुटतात.

सिरॅमिक ब्लँकेट विटेहूनही हलकं, पण त्याचे तंतू फुप्फुसांना घातक. ते कापताना चांगला मास्क लावावा आणि उघडा पृष्ठभाग लेपाने बंद करावा.

काही मतं मात्र तशीच आहेत. ॲस्बेस्टॉस नकोच. आतल्या बाजूला साधं सिमेंट नको. ४००-५०० अंशांपुढे ते भुसभुशीत होतं. गॅल्व्हनाइज्ड पत्राही तापणाऱ्या भागात नको, जस्ताचा धूर बाधतो.

तेव्हा माझं जुनं ऐकून कुणी विटा आणून ठेवल्या असतील, तर त्या भट्टीखाली बैठकीला वापरा. भिंत हलक्या विटेचीच बांधा.