वडिलांच्या रहस्यकथा

जालन्यातील आमच्या घराच्या माळ्यावर पत्र्याच्या दोन ट्रंका आहेत. पहिल्या ट्रंकेत मी तीसएक वर्षे रद्दीच्या दुकानांतून आणि आठवडी बाजारांतून जमवलेली पुस्तके आहेत: बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, गुरुनाथ नाईक व सुहास शिरवळकर यांच्या रहस्यकथा, शिवाय जुन्या रहस्यपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका. दुसरी ट्रंक वडिलांची. तिच्यात इब्ने सफी यांच्या ‘जासूसी दुनिया’चे उर्दू अंक आहेत. पहिल्या ट्रंकेवर मी व्याख्याने दिली. दुसरी मला वाचताच येत नव्हती.

रहस्यकथेविषयी आपल्या समीक्षेने साधारणतः दोन भूमिका घेतलेल्या दिसतात. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांची (१९०६–१९९६) नोंद ती एक तर विक्रम म्हणून करते, किंवा गंभीर वाङ्मयाकडे नेणारी पायरी म्हणून. दोन्ही भूमिकांत एक गृहीतक दडलेले आहे: मराठी वाचक म्हणजे केवळ मराठी वाचणारा वाचक. हे गृहीतक मीही बाळगले होते. मराठवाड्याला रहस्यकथेची गोडी मुंबईच्या प्रकाशनांनी लावली, असे मी एका निबंधात लिहिले, तेव्हा त्याचा प्रतिवाद माझ्याच डोक्यावर, माळ्यावर, पडून होता.

वडिलांचे शालेय शिक्षण निजामी राजवटीत, उर्दूतून झाले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि राज्यव्यवहाराची भाषा यथावकाश बदलली. वाचनाची सवय मात्र राजवटीबरोबर बदलत नाही. १९५२ साली अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’ निघू लागली. त्याच वर्षी इब्ने सफी पाकिस्तानात गेले, तरी त्यांच्या कादंबऱ्या सीमेच्या दोन्ही बाजूंना छापल्या जात राहिल्या. हिंदी अनुवादात त्यांच्या फरीदीचा ‘विनोद’ झाला. म्हणजे आमच्या एकाच गल्लीत वडील फरीदी वाचत होते, शेजारचे काका विनोद वाचत होते, आणि पुढे मी झुंजार वाचू लागलो. तिघांची अभिरुची एक होती. लिपी आणि नायकाचे नाव तेवढे निराळे. या वाचनव्यवहाराला ‘मराठी’ म्हणायचे की नाही, हा प्रश्न आपल्या वाङ्मयेतिहासाने विचारायला हवा होता.

तो मी वडिलांना तरी विचारायला हवा होता. ते हयात असताना मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. उर्दू ही गेलेल्या राजवटीची भाषा ठरली होती. तिच्यातला विरंगुळा मुलांपुढे मांडावा असे त्यांना वाटले नसावे, असा अर्थ मी आज लावतो. तो बरोबर आहे की नाही, हे सांगणारे कोणी उरलेले नाही.

वाट सापडली ती पहिल्याच ट्रंकेत. ‘पाठलाग’ (१९६४) या मराठी चित्रपटावरून ‘मेरा साया’ (१९६६) निघाला, त्याची पुस्तिका माझ्याकडे आहे. त्या काळच्या हिंदी चित्रपटांच्या पुस्तिकांत कथासार बहुधा हिंदी, उर्दू आणि इंग्रजीत छापत, आणि रहस्य उलगडण्याच्या अलीकडेच ते थांबवत. नागरी मजकुरातील नावे उर्दू मजकुरात शोधत मी एकेक अक्षर ओळखू लागलो. मराठीतून निघालेल्या कथेच्या आधाराने वडिलांच्या लिपीपर्यंत पोहोचायला मला सहा महिने लागले.

आता अडचण वेगळीच आहे. हे अंक हलक्या कागदाचे. पान उलटले की घडीवर कपचा निघतो. संग्राहक म्हणून त्यांना हात लावू नये हे मला कळते. पण न वाचलेला अंक जपणे म्हणजे केवळ कागद जपणे होय, आणि रहस्यकथा तर वाचून झिजण्यासाठीच जन्माला येते. वडिलांनी ते अंक जपले नव्हते, वाचले होते. कोपऱ्यांवर त्यांच्या बोटांचे डाग आहेत. म्हणून मीही वाचतो आहे. सध्या अकराव्या पानावर आहे. खुनी कोण, ते अजून कळलेले नाही.