भिंतीवरची मधुमालती

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात वाटणी झाली. पेढी निराळी झाली, चूल निराळी झाली आणि परसदारी मधोमध भिंत उभी राहिली. सासूबाईंनी लावलेल्या मधुमालतीचे मूळ थोरल्या जाऊबाईंच्या वाट्याला गेले. फांद्या मात्र भिंतीवरून आमच्याकडे झुकत राहिल्या.

त्याच सुमारास मी जलरंगांकडे वळले. 4 बाय 6 इंचांचा जाड कागद, मोजके सहा रंग आणि नायलॉनचे दोन कुंचले, एवढाच पसारा. प्राण्यांच्या केसांचे कुंचले हाती धरवेनात. लहान कागदाचा लाभ असा, की सकाळची उन्हे सरकण्याआधी एक फांदी पुरी होते. पहिल्या दिवशी मी फांदी तोडून पेल्यात ठेवली होती. दुपारपर्यंत ती मलूल झाली. तेव्हापासून फांदी जागेवरच राहते, मीच पाट घेऊन तिच्यापाशी जाते.

मधुमालतीचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, पुढे गुलाबी होते आणि शेवटी लाल. म्हणून एकाच घोसात तिन्ही रंग नांदतात. पांढऱ्यासाठी मी रंग वापरत नाही. तेवढा कागद कोरा राखते. हे कुंचला टेकवण्यापूर्वीच ठरवावे लागते, कारण एकदा रंग पसरला की कागदाचे मूळचे पांढरेपण पुरते परत येत नाही. एक पाकळी ओली असताना शेजारची रंगवली, तर रंग एकमेकांत उतरतात. तेथे थांबावेच लागते. पानांचा हिरवा फार भडक वाटला, तर त्यात लालाचा थेंब घालावा, तो शांत होतो.

चित्रे साठत गेली, पण प्रत्येकात फांदी अधांतरी वाटे. ती कोठून येते, हेच मला दिसत नव्हते. अखेर गेल्या श्रावणात जाऊबाईंच्या दाराची कडी वाजवली. "वेलीचे खोड पाहायचे होते," एवढेच बोलले. त्यांनी मुकाट्याने पाट मांडला.

चित्र पुरे होताच त्या वाकून म्हणाल्या, "ही चार फुलं रंगवायची राहिली की गं."

"राहिली नाहीत, राखली आहेत. ती पांढरी आहेत."

त्या बराच वेळ कागदाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी ये. पांढरी तेव्हाच उमलतात."